मातीवाल्याची मोजणी

गावात कुणी गेलं की पहिला निरोप मातीवाल्याकडे जायचा, मग सोयऱ्याधायऱ्यांकडे. खड्डा तो खणायचा. गेलेली बाई असली तर तिला शेवटची आंघोळ त्याची बायको घालायची. याशिवाय गावानं त्याच्या गळ्यात आणखी एक काम घातलं होतं. बाजाराच्या दिवशी कचेरीत जायचं आणि आठवड्यात कोण गेलं, कशानं गेलं, हे कारकुनाला सांगायचं. त्यात मिळकत जवळजवळ नव्हतीच, पण कारकून त्याला बसायला खुर्ची द्यायचा. या एका खुर्चीसाठी तो उन्हातान्हात एवढी वाट तुडवायचा, आणि कुणी विचारलं तर 'सरकारी काम आहे' असं सांगायचा.

आता माणूस कशानं गेलं हे त्याला कसं कळणार? खड्ड्याच्या काठावर उभं राहून तो घरच्या कर्त्याला विचारायचा, काय झालं होतं? भोवती सगळं गाव उभं असायचं. आपली आई जुलाबानं अंथरुणात खराब होऊन गेली, असं चारचौघांत कोण सांगेल? म्हातारं असलं तर कर्ता म्हणायचा, वय झालं होतं. तरणं असलं तर म्हणायचा, ताप आला होता. त्यामुळे मातीवाल्याच्या मोजणीत या गावची माणसं एक तर वयानं मरत, नाही तर तापानं. तिसरा रोग गावाची वेस ओलांडून कधी आत आलाच नव्हता.

गेल्या पावसाळ्यात साथ आली. ओढ्यापलीकडच्या गावात माणसं पटापट गेली. तिथला खणणारा स्वतःच आजारी पडला म्हणून त्यांनी मातीवाल्याला बोलावून नेलं. कुदळ, फावडं, पहार खांद्यावर टाकून तो गेला, आणि मागोमाग ओढ्याला असा पूर आला की परतीची वाट बंद झाली. घरी बायको भरल्या दिवसांची होती. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच तिला दिवस गेले होते. पाणी ओसरल्यावर तो घरी आला तेव्हा आई दारातच बसली होती. मूल मेलेलंच जन्मलं, श्वाससुद्धा घेतला नाही, असं तिनं सांगितलं. तो ओसरीवर बसला, हातावरचे फुटलेले फोड धुतले, पुढ्यात आलं ते जेवला आणि झोपला. त्या दिवसापासून बायकोचं बोलणं आटलं. हो, नाही, वाढू का, एवढंच. आज बोलेल, उद्या बोलेल म्हणत त्यानं पावसाळा आणि हिवाळा काढला, आणि मग त्याला त्याची सवयही झाली.

उन्हाळ्यात तलाव कोरडा पडला, आणि मेलेल्यांपेक्षा जिवंतांचं खणायचं काम जास्त निघालं. तलावातला गाळ काढून शेतात टाकायचा होता. मातीवाला कुदळ मारी, बायको घमेलं भरून डोक्यावर घेई आणि बांध चढून जाई. दोघांची लय अशी बसली होती की बोलायची गरजच पडत नसे. मातीवाल्याला वाटायचं, हेच काय ते आपलं एकमेकांशी बोलणं.

अशा एका सकाळी सायकल हातात धरून तपासनीस तलावात उतरला. चाळिशीचा, सडपातळ, गळ्यात पाण्याची बाटली, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला कुदळ थांबवावी लागे. ओढ्यापलीकडे साथीत एवढी माणसं गेली, मग त्याच पाण्यावर जगणाऱ्या या गावात इतकी कमी कशी, हे बघायला कचेरीनं त्याला पाठवलं होतं. स्वच्छ पाण्याचा नळ आधी कुणाच्या गावात आणायचा, ते यावरून ठरायचं होतं.

"मी खणलेला एकही खड्डा सांगायचा राहिलेला नाही," मातीवाला म्हणाला.

"ते खरंच असेल," तपासनीस म्हणाला. "मला न खणलेल्यांचं विचारायचं आहे."

मग त्यानं समजावून सांगितलं. पावसाळ्याआधी नर्सबाईंनी गावातल्या पोटुशा बायका तपासल्या होत्या. त्या बऱ्याच होत्या. आज गावात अंगावर पिणारी मुलं त्यामानानं फारच थोडी दिसत होती. बाकीची मुलं गेली कुठं? पुरुषांना विचारलं तर ते खांदे उडवत होते. बायकांना विचारावं तर त्या परक्या माणसापुढे येत नव्हत्या. गावातल्या घराघरांत जिला आत घेतात अशी बाई बरोबर हवी, आणि सगळे मातीवाल्याच्या बायकोचंच नाव घेत होते.

मातीवाल्यानं मानेवरचा घाम पुसला. बायकोला घमेल्यातून सवड नाही, असं तो सांगणारच होता. पण तिनं डोक्यावरची चुंबळ काढून झटकली, बांधावर ठेवली आणि म्हणाली, "मी कधीपासून यायचं?"

मोजून तीन शब्द. पण पावसाळ्यापासून तिनं नवऱ्याला तीन शब्दांचा प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून कुदळही त्याचीच आणि घमेलंही त्याचंच. खणायचं, भरायचं, स्वतःच उचलून डोक्यावर घ्यायचं आणि बांध चढायचा. पहिल्याच फेरीत मान अवघडली. ही बाई रोज हे करायची आणि कधी हूं की चूं केलं नाही, हे ध्यानात येऊनही त्याला तिचं कौतुक वाटलं नाही, रागच आला. शेजारच्या खाचेत खणणारा कुंभार म्हणाला, "काय रे, वाटून घेतलं का काम? माती तुझ्याकडे आणि माणसं तिच्याकडे?" बाकीचे हसले. मातीवालाही हसला आणि पुढचा घाव जोरात घातला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थकवा होता, पण मरगळ नव्हती. भाकरी थापता थापता ती आपण होऊन सासूला सांगत होती, की तपासनीस कुणाचं बोलणं मधे तोडत नाही. बाई रडायला लागली तर मान खाली घालून बसतो. वहीसुद्धा मिटून ठेवतो. मातीवाला भिंतीला टेकून ऐकत होता. मान खाली घालून बसायला काय अक्कल लागते? बैलही बसतो.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या घरचं रडं ऐकायचा पगार मिळतो."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. तो पुढे काही बोलेल म्हणून ती थोडी थांबली, आणि मग पिठाचा पुढचा गोळा घेतला.

संशयाचं एक असतं, त्याला खायला काही द्यावं लागत नाही, तो आपला आपण वाढतो. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, हे मातीवाल्यानं पाहिलं. रोज मातीत जाणारी बाई लोकांच्या घरात जाताना धुतलेलं नेसणारच, पण हे त्याला कोण सांगणार? तपासनिसानं आपल्या बाटलीतलं पाणी तिला दिलं, हे कुंभारानं पाहिलं आणि तिखटमीठ लावून सांगितलं. मातीवाल्यानं सुतावरून स्वर्ग गाठला. दुपारच्या सुट्टीत भाकरी खायची सोडून तो गल्लीत जाऊ लागला. ती दोघं ज्या घरात असतील त्या घराच्या मागच्या भिंतीला, खिडकीखाली, उकिरड्याशेजारी उभा राहायचा. गावात सगळ्यांच्या शेवटाला उभं राहणारा माणूस चोरासारखा भिंतीला चिकटून उभा, आणि कोंबड्या पायात घोटाळतायत.

आत काय चालायचं? काहीच नाही. तपासनीस प्रश्न विचारायचा आणि बाई सांगायची. सगळ्या घरांत तेच प्रश्न आणि त्याच क्रमानं. आधी जन्माचं विचारायचा, मग मरणाचं. गेल्या पावसाळ्यात या घरात कुणी जन्मलं का? रडलं का? अंगावर प्यायलं का? मग दुखणं कधी सुरू झालं, सकाळी की संध्याकाळी? जुलाब पाण्यासारखे होते की रक्त पडत होतं? रडताना डोळ्यांतून पाणी येत होतं का? पाणी कुठलं पाजलं? शेवटी जवळ कोण होतं? आणि अगदी शेवटी, वही मिटल्यावर, दर वेळी एकच, "आणखी काही सांगायचं राहिलं आहे का?"

या शेवटच्या प्रश्नाला बायका सगळ्यात जास्त बोलायच्या. आणि तेव्हा त्यांच्याबरोबर मातीवाल्याच्या बायकोचा आवाज यायचा. सांग गं, मी आहे, असा काहीतरी. तो आवाज ऐकून मातीवाला भिंतीला आणखी चिकटायचा. दोघांमध्ये वावगं काही नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वावगं असतं तर एक वेळ परवडलं असतं, जाऊन गचांडी धरता आली असती. पण ती त्या माणसाशी बोलत होती, आणि तो काहीही न करता तिला बोलू देत होता, याला कुठल्या जागी धरायचं? त्याला तपासनिसाचा हेवा वाटत होता, त्याच्या हळू आवाजाचा, त्या मिटलेल्या वहीचा, आणि सगळ्यात जास्त त्या प्रश्नांचा.

भिंतीमागून त्याला आणखीही एक गोष्ट कळली, आणि तिनं त्याचा उरलासुरला तोराही उतरवला. ज्यांना त्यानं तापात मोजलं होतं ते बहुतेक सगळे जुलाबानं गेले होते. आणि तान्ही मुलं तर त्याच्या मोजणीत कधी आलीच नव्हती. नाव ठेवण्याआधी मूल गेलं तर ते जन्मलंच नाही असं धरायचं, ही गावातल्या बायकांची जुनी रीत. आईनं रडायचं नाही, पुरुषांना सांगायचं नाही, बायकाबायकांनीच शेताच्या कडेला नाही तर परसात माती द्यायची. म्हणजे इतकी वर्षं तो कचेरीच्या खुर्चीवर बसून जे ठणकावून सांगत आला ते अर्धंमुर्धंच होतं.

ही गोष्ट एखाद्यानं स्वतःशी कबूल केली असती. मातीवाल्यानं काय केलं? त्यानं संध्याकाळी पाणवठ्यावर एक पिल्लू सोडून दिलं. तपासनीस जुलाबाचं विचारतो, कारण जुलाब निघाले की कचेरी विहिरीला टाळं लावणार. नळ कधी यायचा तेव्हा येईल, तोवर बसा कोरडे. एवढं पुरलं. उन्हाळ्यात विहिरीला टाळं म्हटल्यावर कुणाचीही छाती दडपणारच.

दुसऱ्या दिवशी दारं लागली. तपासनीस आणि मातीवाल्याची बायको भर उन्हात एका दारावरून दुसऱ्या दारावर गेली. कुणी आतून कडी काढली नाही, कुणी घरात पुरुषमाणूस नाही म्हणून सांगितलं. सुताराच्या सुनेनं तर, कालच जिनं रडून रडून पदर भिजवला होता, माझ्या घरी काही झालंच नाही, असं तोंडावर म्हणून दार लोटलं. मातीवाला तलावात कुदळ मारत होता आणि दर घावाला त्याला बरं वाटत होतं.

संध्याकाळी बायको आली ती थेट त्याच्यासमोर उभी राहिली. पाय धुळीनं पांढरे झाले होते. त्याला वाटलं, आता भांडेल. निदान भांडेल तरी, या आशेनं त्यानं वर पाहिलं.

"तुम्हीच केलंत ना हे?" ती म्हणाली.

त्यानं नखातली माती काढायला घेतली.

"सुताराची सून रात्रंदिवस ते एकटीच घेऊन बसली होती. काल तिला जरा हलकं वाटलं. आज तिनं मला दारातून परत लावलं." तिनं पायावरची धूळ झटकली. "नळ येवो न येवो. तुम्ही तिचं तोंड पुन्हा बंद केलंत."

एवढं बोलून ती चुलीकडे गेली. आईनं कोपऱ्यातून मुलाकडे पाहिलं आणि नजर वळवली. म्हातारी गेले कित्येक दिवस त्याच्या नजरेला नजर देत नव्हती, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

बायकोनंच मग तोड काढली. तपासनिसाला म्हणाली, इतर दारं राहू द्या, आता माझ्याच घरी या. माझी मी सांगते, ओटीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं. मी सांगितलं की बाकीच्याही सांगतील. कुंभारानं ही बातमी तलावात आणली तेव्हा मातीवाल्याच्या हातातली कुदळ दगडावर आदळली आणि मुंग्या कोपरापर्यंत गेल्या. आपल्या घरात सांगण्यासारखं काय आहे? मूल मेलेलंच जन्मलं, ते तर सगळ्यांना ठाऊक. म्हणजे आता आपलं काहीतरी सांगणार, आपण कसे वागतो ते. तो अर्धं भरलेलं घमेलं तसंच डोक्यावर घेऊन निघाला. टाकून जायचं त्याला सुचलंच नाही.

ओटीवर ती बसली होती. समोर तपासनीस. गल्लीच्या तोंडाशी चारपाच बायका, कडेवरची पोरं सावरत, जवळ यावं की नाही अशा. आई आत उंबऱ्यामागे. मातीवाला घराच्या बाजूच्या भिंतीला उभा राहिला, जसा इतके दिवस दुसऱ्यांच्या भिंतींना उभा राहत होता.

"गेल्या पावसाळ्यात या घरात कुणी जन्मलं का?"

"हो. मुलगा."

"रडला का?"

"खूप. शेजारी ऐकू जाईल इतका."

मातीवाल्याच्या डोक्यावरचं घमेलं कललं आणि गाळ खांद्यावर सांडला. त्यानं हलायचं टाळलं.

ती सांगत गेली. मुलगा अंगावर चांगला प्यायचा. पुरात विहिरीचं पाणी गढूळ झालं होतं, तिला ताप होता, दूध कमी पडायला लागलं, म्हणून सासूनं पाणी पाजलं. उकळून पाजा असं नर्सबाई सांगून गेल्या होत्या, पण घरातली लाकडं भिजलेली, चूल पेटेना. मग जुलाब लागले. पाण्यासारखे. सुरुवातीला रडताना डोळ्यांत पाणी यायचं, नंतर आलं नाही. टाळू खोल गेली. पुरामुळे कुठं नेता आलं नाही. नाव ठेवायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी गेला.

उंबऱ्यामागे म्हातारी तोंडात पदर कोंबून रडायला लागली. तपासनिसानं वही मिटली आणि मान खाली घातली.

"शेवटी जवळ कोण होतं?"

"मी आणि सासूबाई."

"तुमच्या यजमानांना माहीत आहे?"

"ते पलीकडे लोकांना माती देत होते. पूर उतरल्यावर आले. सासूबाईंनी सांगितलं, मेलेलाच जन्मला. रीत तशीच आहे, आणि आपल्या हातून पाणी पाजलं गेलं म्हणून त्यांचाही जीव धास्तावला होता." तिचा आवाज सारखाच होता. "मी ठरवलं होतं, यांनी विचारलं की खरं सांगायचं. कुठं ठेवलं, एवढं तरी विचारतील असं वाटलं. गावातल्या सगळ्यांना मातीत हेच ठेवतात ना. विचारलं नाही. आजपर्यंत नाही."

गल्लीच्या तोंडाशी उभ्या बायकांतली सुताराची सून पुढे आली आणि ओटीच्या पायरीवर येऊन बसली. तिच्या मागून बाकीच्या आल्या. तपासनिसाला त्या दिवशी सायकल परत न्यायला चांगलाच उशीर झाला.

मातीवाला तोवर तिथं थांबला नाही. तो स्मशानाच्या वाटेनं थोडा गेला, मग परत फिरला, मग तलावाच्या बांधावर जाऊन बसला. इतके दिवस त्यानं तपासनिसाला पाण्यात पाहिलं. त्या माणसानं केलं काय होतं? विचारलं होतं. एवढंच. जे विचारायचा पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी त्याची होती, ते एका परक्यानं सायकलवर येऊन विचारलं, आणि ती त्याला आतून काढून देत गेली. आता हेवा नव्हता असं नाही, होताच. फक्त आता तो कुणाचा करायचा ते कळत नव्हतं.

सकाळी आई चुलीशी एकटीच होती. तो काही बोलायच्या आत म्हणाली, "मला काय शिव्या घालायच्या त्या घाल." त्यानं पाण्यानं भरलेली कळशी उचलून चुलीवर ठेवली आणि खाली जाळ सारला. "उकळू दे," एवढंच म्हणाला. म्हातारीनं डोळे पुसले.

बायको तलावावर पोचली होती. चुंबळ डोक्यावर होती, घमेलं रिकामं. तपासनिसाचं तिच्याकडचं काम संपलं होतं. बायका आता आपल्या आपण सांगत होत्या. मातीवाल्यानं कुदळ खांद्यावरून उतरवली नाही.

"मला दाखव," तो म्हणाला.

ती पुढे निघाली, तो मागे. शेताच्या कडेला, जुन्या बाभळीच्या अलीकडे ती थांबली. तिथं चार दगड होते. तो खाली बसला. विचारायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि त्याला स्वतःचं काही सुचेना. सुचले ते भिंतीमागून ऐकलेले प्रश्न, सगळे, क्रमानं, पाठ झालेले.

"रडला का?" त्यानं विचारलं.

तिनं चमकून पाहिलं. तिला वाटलं तो ऐकूनही विचारतोय, आणि तसंच होतं. मग ती दगडांच्या पलीकडे बसली.

"खूप," ती म्हणाली.

"अंगावर प्यायला?"

"प्यायचा. पिताना माझं बोट धरून ठेवायचा."

हे तिनं ओटीवर सांगितलं नव्हतं. त्यानं पुढचं विचारलं, मग त्याच्या पुढचं. दुखणं सकाळी सुरू झालं की संध्याकाळी. डोळ्यांत पाणी होतं का. त्यानं मधे कुठंच तोडलं नाही. ती रडायला लागली तेव्हा त्यानं मान खाली घातली, आणि खाली घातल्यावर कळलं की त्याला अक्कल लागत नाही, पण दुसरं काहीतरी फार लागतं. ऊन वर आलं. तलावातून कुणीतरी त्याला हाक मारून गेलं.

शेवटी एकच प्रश्न उरला.

"आणखी काही सांगायचं राहिलं आहे का?"

तिनं एक कललेला दगड नीट बसवला.

"खड्डा उथळ झाला," ती म्हणाली. "कुदळ, फावडं, पहार, सगळं तुम्ही नेलं होतं. घरात नुसतं खुरपं होतं. मला तेवढाच जमला."

मातीवाला उठला. तलावात जाऊन त्यानं ओलसर, काळा, बिनखड्यांचा गाळ शोधला, घमेलं काठोकाठ भरलं आणि उचलायला वाकला. तोवर तिनं येऊन समोरचा काठ धरला होता. दोघांनी मिळून ते उचललं, आणि कुणाच्याच डोक्यावर न देता, असंच चार हातांत धरून दोघं बाभळीच्या वाटेनं बांध चढायला लागली.